हॅदरकोटचं कूळ

आमोस भिंगारदिवे मास्तर पहिल्यापासून कागदाचा माणूस. वाण्यानं गुळाला बांधून दिलेला कागदसुद्धा तो सोडवून, सपाट करून, दोन्ही बाजूंनी वाचून मगच चुलीत जाऊ देई. मिशनच्या शाळेत कुणी तोंडी रजा मागितली तर "लिहून आण" एवढंच म्हणे. त्याची बायको दया हसायची. "देवानं स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी तुम्ही आधी चिठ्ठी मागाल," असं ती चारचौघांत बोलून दाखवी. आणि अशा माणसानं जन्मातली सगळ्यात मोठी गोष्ट कागदाशिवाय, मातीच्या एका ढेकळावर घेतली! ऐकणारा कपाळाला हात लावी. पण ते तसं का झालं हे कळायला हॅदरकोट साहेबाच्या व्हरांड्यात चार वर्षं बसावं लागलं असतं, आणि तिथं आमोसशिवाय दुसरं कुणी बसलं नव्हतं.

साहेबाचा बंगला सावेडीच्या माळावर होता. त्या काळी सावेडी म्हणजे नगराबाहेरचं लहानसं गाव. चार बाभळी, ज्वारीची शेतं आणि बाकी सगळा मुरमाड माळ. साहेब कालव्यांच्या कामावर जन्म घालवून निवृत्त झाला होता. लढाईमुळे मायदेशी जाता येईना आणि घरी वाट पाहणारंही कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला काढला. त्याचं स्वतःचं अक्षर लागत नसे, हात थरथरे. कुणीतरी त्याला सांगितलं की मिशनच्या शाळेतल्या भिंगारदिवे मास्तरांचं इंग्रजी अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. तेव्हा एक्केचाळीस साली आमोस रोज सकाळी शाळेआधी दोन तास त्या व्हरांड्यात जाऊन बसू लागला. साहेब एका ट्रंकेतून जुन्या दप्तरांच्या नकला काढी, मोठ्यानं वाचे, आणि आमोस चामडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वहीत उतरवून घेई.

ती दप्तरं हॅदरकोट नावाच्या मॅनरची होती. मॅनर म्हणजे काय, हे आमोसला पहिल्या आठवड्यात कळलं नाही आणि दुसऱ्या आठवड्यात इतकं कळलं की हसू आलं. एक मालक, त्याचं दगडी घर, आजूबाजूला त्याची जमीन, आणि ती कसणारी कुळं. कुळानं मालकाचं गवत कापायचं, मालकाच्या शेतात राबायचं, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. बदल्यात एक झोपडं आणि मागचा तुकडा. वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या शेवटी, मिखाएलाच्या सणाला मालकाची मोठी कचेरी भरे आणि कारकून कोण आला, कोण नाही आला हे लिहून ठेवी. ही सगळी सातआठशे वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची हकिगत. पण आमोसला वाटलं, हे तर आपल्या वतनासारखंच झालं.

कारण त्याचा बाप गिदोन शेवगावकडचा. बाप्तिस्मा घेऊन त्यानं गावकीची कामं सोडली तेव्हा वतनाचा वीतभर तुकडाही गेला, आणि भिंगारदिव्यांच्या नावावर तेव्हापासून तुळस लावायलाही माती नव्हती. मरताना गिदोननं मुलाच्या हाती बायबल दिलं आणि तो म्हणाला, "आमोस, शिकलास, लई झालं. पन पाय टेकायला तुकडा घे. परक्याच्या जमिनीवर मानूस उभा न्हाई ऱ्हात, टांगलेला ऱ्हातो." आमोस मिशनच्या खोल्यांत राहत होता. नोकरी सुटली की खोल्या सुटणार होत्या. बापाचं वाक्य तो रोज अंथरुणाला पाठ टेकताना आठवी आणि कूस बदली.

मॅनरच्या गोष्टी तो घरी येऊन दयाला सांगे. हॅदरकोटांनी ती जमीन कशी मिळवली, मग वंशाला मुलगा नाही म्हणून जावयानं सासऱ्याचं नाव कसं घेतलं, एका भावानं दुसऱ्याला तळघरात कसं कोंडलं. दयाला यातलं काही विशेष वाटेना. एकच गोष्ट तिनं पुन्हा सांगायला लावली.

"कूळ मेलं की त्याच्या घरचं सगळ्यात चांगलं जनावर मालक नेतो? आणि मेल्याच्या बायकोनं काय करायचं?"

"दावं सोडून हातात द्यायचं. नियमच होता तसा. पण मेल्यावरच हं. जिवंतपणी नाही नेता येत."

"मोठे न्यायाचे लागून गेलेत," दया म्हणाली आणि अंगणात बांधलेल्या ढवळीकडं बघून हसली. "म्हणजे आपल्याकडं ढवळीला नेलं असतं. नेऊ दे की. दोन लाथा घालून माघारी आली असती." ढवळी पांढरी शुभ्र गाय होती, दुधाला चांगली आणि स्वभावाला वाईट; दयाशिवाय कुणाला कासेला शिवू देत नसे.

मग दप्तरात प्लेगाचं वर्ष आलं. त्या वर्षी कारकुनानं माणसांबद्दल फारसं लिहिलंच नव्हतं; एक बैल, एक गाय, एक घोडी, एक गाय, अशी पानंच्या पानं नुसती जनावरं. आमोसची आजी नगरच्या प्लेगात गेली होती; ती पानं उतरवताना त्याचा हात दोनदा थांबला. साहेबानं वाचता वाचता चष्मा काढला. "गोठ्यात जागा उरली नाही, मास्तर," तो त्याच्या त्या पुस्तकी, शुद्ध मराठीत म्हणाला. "जमीन होती, घरं होती, कूळ नव्हतं. तेव्हापासून हॅदरकोटला कुळाची वाण आहे. आणि कूळ नसलं तर मालक कसला?" आमोसला म्हाताऱ्याची कीव आली. ज्याच्या घराण्याकडून ती जमीन कधीच गेली होती, तो माळावर बसून कुळांची चिंता करत होता.

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी साहेबानं वही बाजूला सारली. म्हणाला, आता मी फार दिवस इथं नाही. तुम्ही इतकी वर्षं माझ्यासाठी लिहिलंत. बंगल्यामागचे विहिरीसकट बारा गुंठे तुमचे. आमोसच्या कानशिलांत नुसतं गरम झालं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. तरी कागदाचा माणूस जागा होताच. त्यानं चाचरत विचारलं, "साहेब, रजिस्ट्री कधी करायची?"

साहेबाचा चेहरा उतरला. "मास्तर, माझ्या पूर्वजांनी जमीन दिली ती अशीच. घेणाऱ्यानं गुडघे टेकायचे, देणाऱ्यानं त्याच्या हातात त्या जमिनीचं ढेकूळ आणि तिथली डहाळी ठेवायची. दोन साक्षीदार. तशी दिलेली जमीन परत घेतल्याचं एकदा तरी वाचलंत? तुम्हीच लिहिलंत सगळं. तुमच्या लिहिण्यावर तुमचाच विश्वास नाही का?"

आमोसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाकडं पावती मागितल्यासारखं वाटलं. खरं तर ती पद्धत त्याला मनातून फार आवडली होती. चार वर्षं तो दुसऱ्यांच्या हातांत ढेकळं पडताना लिहीत होता, आणि आज त्याचा हात पुढं येणार होता. बाग बघणारा पुंजाराम आणि स्वयंपाक करणारी बनुबाई यांना विहिरीपाशी बोलावलं गेलं. आमोसनं गुडघे टेकले, प्रार्थनेला जोडतात तसे हात जोडले, आणि साहेबानं ते आपल्या कोरड्या, तांबूस डागांच्या हातांत धरले. "मी तुमचा माणूस झालो," असं म्हणायचं होतं. आमोसनं ते म्हटलं आणि मान खाली घातली. कुठंतरी पत्र्याच्या झाकणाचा बारीकसा आवाज झाला. मग त्याच्या तळव्यांवर ढेकूळ आलं, त्यावर डहाळी. ढेकूळ थंडगार होतं, रांजणातून काढल्यासारखं.

त्याच सकाळी साहेबानं ती नोंद वहीच्या मागच्या कोऱ्या पानांत घालायला सांगितली. साहेब सांगत गेला, आमोस लिहीत गेला. डोळ्यांत पाणी होतं, तरी एक अक्षर वाकडं आलं नाही.

पुढचं सगळं त्यानं हौसेनं केलं. सगळा दिवस साहेबाच्या लिखाणाला देता यावा म्हणून शाळेची नोकरी सोडली, मिशनच्या खोल्या सोडल्या, बारा गुंठ्यांवर स्वतःच्या हातांनी विटा लावून दोन खोल्या उभ्या केल्या. मिशनमधले शहाणे म्हणाले, "मास्तर, कागद?" तो म्हणे, "त्यांच्यात अशीच पद्धत आहे." सांगताना त्याला स्वतःचा अभिमान वाटे, आपण असं काही जाणतो की जे या लोकांना ठाऊक नाही. दारात त्यानं सीताफळ लावलं. पहिल्या रात्री स्वतःच्या जमिनीवर झोपताना तो लहान मुलासारखा रडला आणि दयानं त्याला रडू दिलं.

ढेकूळ त्यानं एका पसरट डब्यात घालून फळीवर, बायबलाशेजारी ठेवलं होतं. शिमग्याच्या सुमाराला दया म्हणाली, "हे अजून ओलं कसं?"

आमोसनं बघितलं. पाच महिने झाले होते, माळावर भेगा पडायला लागल्या होत्या, आणि ढेकूळ ओलं होतं. पाणी सांडलं असेल, असं तो म्हणाला. पण वैशाखात विहिरीनं तळ गाठला, दया दोन हंड्यांसाठी गावातल्या आडावर जाऊ लागली, आणि फळीचं लाकूड मात्र डब्याखाली कुजत चाललं. एकदा तिनं चिडून ढेकूळ दिवसभर पत्र्यावर उन्हात टाकलं. संध्याकाळी काढलं तर ते अधिकच काळं आणि जड झालं होतं, आणि त्यातून बोटभर लांबीचं, मऊ, हिरवं गवत निघालं होतं. तसलं गवत दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. डबा ओट्यावर ठेवून दया आत वळली तेवढ्यात ढवळीनं मान लांबवली आणि ते गवत चाटूनपुसून खाल्लं.

त्यानंतर सकाळी उठलं की आमोसच्या वहाणांना काळा चिखल असे. दया आधी थट्टेनं, मग गंभीरपणे विचारी, "रोज कुठं जाता?" तो खरं तेच सांगे की कुठं जात नाही. शपथ घ्यायला तयार असे. पण वहाणा खरवडताना त्याला एक वास येई, कुजलेल्या पानांचा, गार पाण्याचा, आणि तो वास कुठंतरी ओळखीचा वाटे. एका सकाळी साहेब दप्तर वाचता वाचता एका ओढ्याच्या नावापाशी अडला, पानं चाळू लागला, आणि आमोसच्या लक्षात आलं की आपण ते नाव लिहून पुढच्या ओळीवर गेलो आहोत. साहेबानं वाकून वहीत बघितलं. नवा खोंड न सांगता जुवाखाली मान घालतो तेव्हा शेतकरी हसतो, तसं तो हसला आणि पुढं वाचू लागला.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात बहिणीच्या मुलीच्या लग्नाला म्हणून आमोस दयासह चार दिवस शेवगावला गेला. परत आला तो बंगल्याला कुलूप. साहेब गेला होता. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. आमोसला वाईट वाटलं, पण घाईत गेला असेल, देश बदलतोय, म्हाताऱ्याला सुचलं नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. महिनाभर तो सीताफळाला पाणी घालत आणि साहेबाच्या पत्राची वाट बघत राहिला.

सप्टेंबरच्या शेवटी कोपरगावचे काकासाहेब आले. उसावर वर आलेले, धोतर-कोटातले, सभ्य गृहस्थ होते. आमोसनं त्यांना ओट्यावर बसवलं, दयानं दूध दिलं. दूध पिऊन झाल्यावर काकासाहेबांनी खिशातून खरेदीखत काढलं आणि आमोसच्या हातात दिलं. बंगला, बाग, विहीर, मागचे बारा गुंठे, सगळं. सही साहेबाची. तारीख जुलैची.

"मास्तर, घर चांगलं बांधलंय तुमी," काकासाहेब म्हणाले. "दसऱ्यापत्तूर ऱ्हावा. माझी काय ना न्हाई."

आमोसनं आतून डबा आणला. तो उघडून काकासाहेबांपुढं धरला. काकासाहेब हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ढेकूळ दोन बोटांनी चिमटून बघितलं, हुंगलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "ही माती ह्या माळाची न्हाई, मास्तर. इथं सगळा मुरूम. मी जन्मभर मातीत हाय, पन असली माती गोदाकाठीबी न्हाई पाहिली."

तेवढ्यात बंगल्याच्या किल्ल्या घेऊन पुंजाराम आला. आमोसनं त्याला साक्षीला धरलं. पुंजाराम काकासाहेबांकडं न बघता जमिनीकडं बघत राहिला.

"दिलं खरं साहेबानं ढेकूळ. खोटं कशाला बोलू? पन ते हितलं न्हवतं, मास्तर. डब्यातलं हुतं. त्येंच्या मुलखातनं येताना आनलेलं, कपाटात ऱ्हायाचं. डहाळीबी त्यातलीच."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"मला वाटलं तुमास्नी ठावं आसंल. समदं तुमीच तर लिवत हुता." तो घुटमळला. "आमी दोघांनी बघितलं. तुमची मान खाली हुती."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं आमोसला वाटलं. जमीन गेली हे दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे झोंबलं की साहेबानं त्याच्यासाठी अशी एक थाप निवडली जी साऱ्या नगर जिल्ह्यात फक्त त्यालाच पटली असती. अडाणी पुंजाराम फसला नसता. दया फसली नसती. साहेबानं चार वर्षं त्याच्याच हातानं, त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरांत त्याच्या गळ्याचा फास वळून घेतला होता आणि वर शाबासकी दिली होती. तो उठला आणि पुंजारामाकडं किल्ली मागितली. वही बघायची, एवढंच म्हणाला.

व्हरांड्यात टेबल तसंच होतं. साहेबानं सगळं नेलं होतं, वही तेवढी ठेवली होती. "मास्तरांची हाय, मास्तरांला द्या, आसं म्हनला," पुंजारामानं सांगितलं. आमोसनं मागच्या पानांतली आपली नोंद काढली. 'आमोस कारकून कचेरीपुढे आला आणि त्यानं मालकाकडून एक झोपडं व त्यामागचा तुकडा घेतला, हॅदरकोटच्या रिवाजाप्रमाणे धारण करण्यासाठी, आणि तो मालकाचा माणूस झाला.' सावेडीचं नाव कुठंच नव्हतं. बारा गुंठे नव्हते. हे त्यानं स्वतः लिहिलं होतं. नक्कल करणारा वाचत नसतो, उतरवत असतो, आणि जन्मभर गुळाचे कागद वाचणाऱ्या माणसानं आपलाच कागद वाचला नव्हता.

त्यानं पान उलटलं. पुढची पानं कोरी असायला हवी होती.

ती भरलेली होती. 'आमोस गवत कापायला आला. आमोस ओढ्याचा बांध घालायला आला. आमोस आला. आमोस आला.' अक्षर त्याचंच, गोल, सुबक. तारखा गेल्या दोन वर्षांच्या. शेवटची तारीख कालची होती. एकही दिवस चुकलेला नव्हता. त्यानं आपल्या वहाणांकडं बघितलं, वही मिटली, आणि मिटताना त्याच्या ध्यानात आलं की आज एकोणतीस सप्टेंबर, मिखाएलाचा सण. मॅनरचं साल आज संपतं.

घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. काकासाहेब गेले होते. दया ओट्याच्या पायरीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर ढवळीचं रिकामं दावं होतं.

"तुम्ही कुणाला पाठवलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात लांब काठी. काय भाषा बोलला ते आठवत नाही, पण समजलं मात्र सगळं. म्हणाला, मालकाचं जनावर न्यायला आलोय, नियम आहे." ती थांबली. "मी दावं सोडून दिलं. का दिलं, मला नाही सांगता यायचं. आणि ढवळी गेली हो. लाथ नाही, हंबरणं नाही. पुढंपुढंच चालत गेली, वाट ठाऊक असल्यासारखी."

अंगणातल्या मुरमात खुरांचे ठसे उमटले होते, काळे, ओले, कुंपणापर्यंत. पुढं माळ कोरडा होता. आमोस त्या ठशांकडं बघत राहिला. जमीन मिळाली होती, फक्त ती हॅदरकोटची होती, त्याच्या मनात आलं. साहेब खोटं बोलला नव्हता. बापाला हवा होता तो तुकडा मिळाला होता, आणि तो कुणी खरेदी करून काढून घेऊ शकत नव्हतं.

"तो नियम," दया हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगितला होता मला. जनावर कधी नेतात तो."

तिनं आमोसचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो तिच्या हाताला गार लागला असावा, कारण ती दचकली. पण तिनं सोडला नाही. मिशनच्या दवाखान्यात नर्सबाई धरायच्या तसं तिनं मनगट धरलं आणि बोटं नाडीवर ठेवली. मग थोडी वर. मग थोडी खाली. ऊन गेलं, सीताफळाची सावली मावळली, तरी दया मान खाली घालून, ओठ मिटून त्याचं मनगट चाचपत राहिली.